बोलण्याच्या परीक्षेतला हुंकार

घड्याळ टर्रकन वाजलं तेव्हा मी अजून नमनालाच होते.

अंडी उकडताना लावतात तसलं ते घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं. मला डच शिकवणाऱ्या मार्लेननं कोंबडीचं तोंड दाबून आवाज बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

"कुमुदिनी, प्रश्न काय होता?"

"शेजारी विचारतोय, तुम्ही बाजारात गाडीनं का जात नाही, सायकलनंच का जाता."

"आणि तू काय उत्तर दिलंस?"

माझ्या अडखळत्या डचमध्ये मी सांगत होते की, नमस्कार शेजारी, तुम्ही फार चांगलं विचारलंत. देवानं माणसाला दोन पाय दिले, तेच त्याचं पहिलं वाहन. आमच्या गावी पलीकडच्या तीरावर जायला नाव असायची. तर प्रत्येक वाहनाचा आपला एक गुण असतो...

"तू अजून सायकलवर बसलीसुद्धा नाहीस," मार्लेन म्हणाली. "शेजारी केव्हाच घरात निघून गेला."

मला हसू आलं, तिलाही आलं. मग तिनं चष्मा काढून पुसला. ती असं करायची तेव्हा पुढे काहीतरी नकोसं असायचं.

"आधी उत्तर. मग कारण. मग तोंड बंद. दोन वर्षं मी तुला हेच सांगतेय ना?"

"आमच्याकडे असं एकदम अंगावर येऊन बोलत नाहीत."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"कीर्तनात."

हा शब्द तिनं माझ्याकडून पूर्वीही ऐकला होता. आमच्या कुरुंदवाडला नदीकाठच्या देवळात गंगाधरबुवा कीर्तनाला उभे राहायचे. आधी नमन, मग पूर्वरंग, त्यात एखादा विचार उलगडून सांगायचा. मग बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि त्यानंतर कुठं कथा सुरू. नमनाला घडाभर तेल, असं लोक थट्टेनं म्हणतात. पण ते तेल जळल्याशिवाय उजेड पडत नाही, असं बुवा म्हणायचे. मी परकरात होते तेव्हापासून पहिल्या रांगेत बसत आले. बोलायचं कसं, हे मी तिथंच शिकले. त्याला आता काय करणार?

"परीक्षेतली मशीन म्हणजे बुवा नाही," मार्लेन म्हणाली. "मशीनला तीस सेकंद असतात."

परदेशातून लग्न करून येणाऱ्यांना हॉलंडमध्ये इंटिग्रेशनचा, म्हणजे इथल्या समाजात रुळण्याचा, कोर्स करावा लागतो. भाषेच्या परीक्षा त्यातच असतात. पहिल्या दिवशी मार्लेननं फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या होत्या. ए-वन म्हणजे आपलं नाव सांगता येतं, पाव मागता येतो. ए-टू म्हणजे कुठं दुखतंय ते डॉक्टरला सांगता येतं. बी-वन म्हणजे काय घडलं ते सांगता येतं, आणि का घडलं तेही. मी मनात म्हटलं, म्हणजे बी-वन ही कथेची पायरी. आपली पायरी हीच.

वाचणं झालं, लिहिणं झालं. ऐकण्याच्या परीक्षेत तर पहिल्याच खेपेला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. अडलं ते बोलण्यात. तिथं मी दोनदा नापास झाले होते.

"नगरपालिकेतून काल फोन होता," मार्लेन म्हणाली. "गुरुवारी झालं तर उत्तमच. नाही झालं तर ते तुला बोलण्यापुरतं ए-टूवर उतरवतील. तुझी मुदत संपत आलीय. त्यात कमीपणा काही नाही बरं का. कोर्स पूर्ण होतो, सगळं कायदेशीर होतं."

"आणि शुश्रूषागृह?"

मार्लेननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तिला ठाऊक होतं.

आमच्या डेन हेल्डरला, बंदराजवळ, म्हाताऱ्यांचं एक शुश्रूषागृह आहे. तिथं सप्टेंबरपासून काम करता करता शिकवणार होते. तिथल्या बाई मला भेटल्या, हात धरून म्हणाल्या, माणूस म्हणून तू आम्हाला हवीच आहेस. पण बी-वन आण, त्याशिवाय आमच्या हातात काही नाही. तोवर मी ट्यूलिपच्या शेडमध्ये कामाला जायची. पट्ट्यावरून फुलं यायची, कंद तोडायचा, जुडी बांधायची, पुढं सारायची. यंत्राचा आवाज एवढा, की सगळ्यांच्या कानांवर जाड टोप्या. शेजारची पोलिश बाई सकाळी मान हलवायची, संध्याकाळी मान हलवायची. संपला संवाद. मोडलेलं एखादं फूल मी घरी आणून देवापुढं ठेवायची.

घरी तरी कोण होतं? आमचे हे, दत्तात्रय, समुद्रातल्या पवनचक्क्यांवर माणसं पोचवणाऱ्या बोटीवर. दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न, उतारवयाकडे झुकलेलं. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं मोजकंच. घरात मी फोनवर कीर्तनं लावून भाजी चिरायची आणि सवयीनं हुंकार द्यायची, "हं… हं… मग?" फोनमधले बुवा माझ्यासाठी थांबायचे नाहीत. पुढं निघून जायचे.

बुधवारी संध्याकाळी ह्यांचा फोन आला. बोटीवरून आवाज उशिरा पोचायचा.

"जेवलीस का?"

"जेवते. अहो, उद्या परीक्षा आहे."

वाऱ्याचा आवाज.

"अहो, ऐकताय ना? मला भीती वाटतीय. ती मशीन समोर असली की वाटतं, भिंतीशी बोलतीय मी. कुणी हं म्हणत नाही, काही नाही—"

"हं," हे म्हणाले. तो हुंकार 'जेवते'ला होता. "काय म्हणालीस? भिंत?"

"काही नाही."

"कुमुद, इतका जीव टाकू नकोस गं. ए-टू तर ए-टू. कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचं नाही हो. ए-टूमध्ये फक्त कुठं दुखतंय ते सांगता येतं. काय घडलं ते नाही."

"हं?"

"शेडमध्येच राहावं लागेल म्हटलं."

हे पुढं काय म्हणाले ते वाऱ्यानं नेलं.

गुरुवारी पहाटेची गाडी धरून मी ॲमस्टरडॅमला गेले. फेब्रुवारी होता. खिडकीबाहेर काळी शेतं, पाण्याचे चर, त्यात बदकं. मी ओठांतल्या ओठांत घोकत होते : आधी उत्तर, मग कारण, मग तोंड बंद.

परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर एक उंच, काळासावळा माणूस बसला होता. तिशीतला असेल. गळ्यात काळा दोरा, त्यात लाकडी क्रूस. मी बसले तसा तो सरकला. मग आपल्या जपून जुळवलेल्या डचमध्ये म्हणाला, "बाई, तुम्ही पण बोलायला?"

"बोलायला. बी-वन. आणि तुम्ही?"

"बी-वन. तिसऱ्यांदा. मला बस चालवायची आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मागच्या वेळी मशीननं विचारलं, तुमच्या वाढदिवसाच्या पार्टीबद्दल सांगा. मी म्हटलं, पार्टी नाही झाली. आणि वेळ उरला. खूप उरला."

मी हसले. मग लगेच वाटलं, हसायला नको होतं. पण तोही हसत होता.

"माझा वेळ पुरत नाही, तुमचा उरतो," मी म्हटलं. "आपण दोघं मिळून एक परीक्षा दिली तर बरोबर होईल."

"तेस्फाय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "इरिट्रिया."

"कुमुदिनी. भारत."

आत रांगेनं संगणक, मध्ये बुटक्या फळ्या. आम्ही शेजारीशेजारी बसलो. कानांवर तशाच जाड टोप्या, शेडमधल्यासारख्या, फक्त इथल्या टोप्यांना तोंडापुढं माइक होता, आणि त्यांतून शेजारचं ऐकू यायचं. खोलीतली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. मी आजवर असं दृश्य पाहिलं नव्हतं. एवढी माणसं, एवढं बोलणं, प्रत्येक जण आपला दात दुखल्याचं, गाडी चुकल्याचं, मुलाच्या शाळेचं सांगतोय, आणि ऐकणारं एक माणूस नाही. देऊळ भरलंय, सगळेच बुवा, आणि सतरंजी रिकामी.

पण मला जमत होतं. खरंच जमत होतं. सायकल का? स्वस्त आहे. कारण पेट्रोल लागत नाही. तोंड बंद. डॉक्टरांची वेळ का बदलायची? काम आहे. कारण सुट्टी मिळत नाही. तोंड बंद. पडद्यावरची लाल पट्टी भरत यायची आणि मी तिच्या आत संपलेली असायची. मार्लेन असती तर तिनं ती कोंबडी डोक्यावर घेऊन नाचवली असती.

शेवटाकडे प्रश्न आला : एका माणसाने तुम्हाला मदत केली. कोण होता? काय घडलं? सांगा.

मी श्वास घेतला. मला बुवाच सांगायचे होते. माझ्या वडिलांच्या मागं त्यांनी आमच्या घरी येऊन काय केलं, ते. उत्तर तयार होतं, कारण तयार होतं. लाल पट्टी सुरू झाली.

आणि फळीपलीकडून तेस्फायचा आवाज आला. त्यालाही तोच प्रश्न असणार.

"माझा भाऊ," तो म्हणत होता. "योनास. आम्ही होडीत होतो. समुद्र. खूप माणसं. रात्र होती. एकच जाकीट होतं. माझा भाऊ… त्यानं… माझा भाऊ…"

आणि तो थांबला.

तो शब्द शोधत थांबला नव्हता. थांबण्याथांबण्यांतला फरक मला कळतो. लहानपणी एकदा गंगाधरबुवा कथा सांगता सांगता असेच थांबले होते. हातातली झांज तशीच, पेटीवाला बघतोय, देवळात चिडीचूप. त्यांच्या घरातलं कुणी नुकतंच गेलं होतं आणि कथा नेमकी तिथंच आली होती. मी पहिल्या रांगेत. मी म्हटलं, "हं, बुवा. मग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि कथा पुढं निघाली. नंतर माझ्या कपाळाला बुक्का लावताना म्हणाले, "पोरी, सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं हात द्यायचा असतो. तू दिलास."

फळीपलीकडे काहीच आवाज नव्हता. त्याची लाल पट्टी चालली असणार. माझीही चालली होती.

माझ्या तोंडून गेलं, "होय… आणि मग?"

डचमध्ये गेलं, आणि चांगलं मोठ्यानं गेलं.

पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला. "मग," तेस्फाय म्हणाला, "मग भावानं जाकीट मला दिलं. मग मोठं जहाज आलं. मग आम्ही दोघं वर चढलो. आता माझा भाऊ स्वीडनमध्ये आहे. तो स्वयंपाकी आहे. मी त्याचा आभारी आहे." सगळं सरळ. सगळं वेळेत.

मी पडद्याकडे बघितलं. माझी लाल पट्टी भरून गेली होती. बुवांचं नावसुद्धा मी घेतलं नव्हतं.

संपल्यावर देखरेखीच्या बाईंनी आम्हा दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. लोकरी बंडी घातलेल्या, पिकल्या केसांच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या वयाच्या बाई.

"तुम्ही शेजारच्या परीक्षार्थीशी बोललात. मी ऐकलं."

"बोलले."

"उत्तर सांगितलंत?"

"नाही. मी म्हटलं, होय, आणि मग?"

"एवढंच?"

"एवढंच."

"का?"

तेस्फाय भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. मग मी सांगितलं. घड्याळ नव्हतं. आमच्या देवळात कसं असतं, बुवा उभे असतात, आपण खाली बसतो, आणि सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं काय करायचं असतं. आधी उत्तर नाही, कारण नाही, पार नदीपासून सुरू केलं. क्रियापदं कुठल्या कुठं पडली. त्या बाई हातांची घडी घालून उभ्या होत्या, इथली माणसं ऐकतात तशा, मान न हलवता, पापणी न हलवता. मला वाटलं, हिलाही भिंतच समजायचं.

माझं झालं. त्यांनी हातांची घडी सोडली.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण नोंद मला करावीच लागेल. ह्यांचं उत्तर ह्यांचंच आहे, ते मी लिहीन. तुमचं…" त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "तुमचं उत्तर काय आलं ध्वनिमुद्रणात?"

"होय, आणि मग?"

"अरेरे," त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत तेस्फाय माझ्यासमोर बसला होता. त्याला वाटेत आल्कमारला उतरायचं होतं. तो उतरताना मी आपली आपल्याकडच्या रीतीनं म्हणाले, "या एकदा घरी. डेन हेल्डर, शेवटचं स्टेशन. दीपस्तंभाच्या रस्त्यावर, खिडकीत देव आहेत ते घर." हे कोण कुणाला खरं मानतं? इथं तर चहाला जायचं तरी डायरी काढतात.

मार्चच्या अखेरीस मार्लेनचा फोन आला.

"अगदी थोडक्यात गेलं गं. एक उत्तर कोरं होतं. ते असतं तर…" ती थांबली.

"हं," मी म्हटलं.

"तुला ए-टूवर घेतलंय. कोर्स संपला तुझा. अभिनंदन म्हणायचं असतं."

"म्हण की."

"अभिनंदन, कुमुदिनी."

शुश्रूषागृहातल्या बाईंना मीच जाऊन सांगून आले. त्यांनी कॉफी दिली. याला आता पुष्कळ वर्षं झाली. नंतर काय काय झालं ती वेगळी कथा, पण परीक्षेच्या हिशेबानं विचाराल तर मी अजून ए-टूच आहे.

मार्लेनचा फोन आला त्याच आठवड्यातल्या रविवारी, दुपारी, दारावरची घंटी वाजली. आमची घंटी वाजत नसे. मला आधी कळलंच नाही, हा कसला आवाज. हे बोटीवर होते. दार उघडलं तर तेस्फाय, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात संत्र्यांची पिशवी.

"खिडकीत देव दिसले," तो म्हणाला.

मी त्याला आत घेतलं, बसवलं, दूध तापायला ठेवलं.

"दूध नको, बाई. ईस्टरपर्यंत आमचा उपास असतो. दूध, लोणी, काही चालत नाही."

"अहो, मग हे सांगायचं नाही का आधी! उपासाचं मला कोण शिकवणार?" मी पातेलं उतरवलं, आलं ठेचून कोरा चहा केला. त्यानं संत्रं सोलून पहिली फोड देवापुढं ठेवावी का असं नजरेनंच विचारलं. मी म्हटलं, ठेवा.

"मी पास झालो," तो म्हणाला.

"वा! बस कधी चालवणार?"

"तुम्ही?"

मी चहा ओतत राहिले. त्याला कळलं.

"माझ्यामुळे."

"छे हो. माझं आधीपासूनच लांबत होतं."

तो कपाकडे बघत बसला. बाहेर वारा होता. वारा इथं कायमच असतो.

"बाई, मी मशीनला सांगितलं, जहाज आलं आणि आम्ही दोघं वर चढलो. भाऊ स्वीडनमध्ये आहे. स्वयंपाकी आहे." तो थांबला. "थोडेच सेकंद उरले होते. खरं त्यात बसलं नसतं."

मी कप खाली ठेवला. त्याच्यासमोर, खाली सतरंजीवर, मांडी घालून बसले. खुर्चीवर बसून मला नीट ऐकता येत नाही.

"हं," मी म्हटलं. "मग?"

मग त्यानं सांगितलं. कधी डचमध्ये, कधी त्याच्या भाषेत, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. जहाज आलं खरं. जाकीट एकच होतं, हेही खरं. पण वर चढला तो एकटाच. तो तीनदा थांबला, तीनदा मी हात दिला. चहा निवला. खिडकीतल्या ट्यूलिपची एक पाकळी गळून देवाच्या पायाशी पडली. त्याचं संपलं तेव्हा मी उठले. चहा पुन्हा गरम केला.

कप हातात घेऊन तो म्हणाला, "आता तुम्ही."

"मी काय?"

"तुमचं उत्तर राहिलं. कुणी मदत केली, काय घडलं."

"माझं फार लांबतं, तेस्फाय. मी नमनालाच घडाभर तेल घालते."

"माझी गाडी संध्याकाळी आहे."

मी पदर सारखा केला. उगीच खिडकीतल्या देवांना हात जोडले.

"आमच्या गावाजवळ," मी म्हटलं, "दोन नद्या एक होतात. एकीचं नाव कृष्णा. ती लांबून येते. दुसरी जवळची…"

आणि मी थांबले. शब्द होते. डचमध्येही होते. पण इतक्या वर्षांत मी काही सांगावं म्हणून कुणी समोर बसलं नव्हतं. पुढं कसं जायचं तेच विसरल्यासारखं झालं.

तेस्फायनं कप खाली ठेवला. खुर्चीवरून उतरून तो सतरंजीवर बसला, मी बसले होते तसाच, लांब पाय कसेबसे दुमडून.

"हं," तो म्हणाला.